ज्योतीची साक्ष

डिसेंबर लागला की राज्यातल्या थंडीचा मुक्काम निफाड तालुक्यात असतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती घसरला, ही बातमी सकाळच्या चहाबरोबर मुंबई-पुण्यापर्यंत पोचते आणि नातेवाईक फोन करून विचारतात, "काय हो, तुमच्याकडे बर्फ पडला म्हणे?" बर्फ पडत नाही, पण एखाद्या पहाटे गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं आम्ही पाहिलं आहे. ओझर याच तालुक्यातलं. इथली थंडी उघड्या रानाची आहे. रात्री आभाळ निरभ्र असतं, जमीन दिवसभराची ऊब सोडून देते आणि बाणगंगेच्या काठाकाठाने गार हवा खाली बसत जाते. द्राक्षबागायतदाराच्या पोटात गोळा येतो तो याच वेळी. पारा फार उतरला तर मण्यांची फुगवण थांबते, तयार मणी तडकतात. म्हणून माणसं पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सुरू करतात. विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. मुळांशी तेवढाच आधार. धुराचा थर वेलींच्या मांडवाखाली रेंगाळतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्याच्याही डोळ्यांत झोंबतो.

बागेतल्या या शेकोट्या धगधगत असताना गावात दुसरी आग पेटू लागते. ती दिसत नाही, ऐकू येते. टक टक टक टक, मग क्षणभर शांतता, मग भप्प असा दबका आवाज आणि पाठोपाठ बादलीत पडणारं पाणी. घराघरांतले गॅस गीझर जागे होतात. पहिल्या पाळीला जाणारे, शाळेची बस पकडणारी मुलं, बाजार समितीत माल घेऊन निघालेले शेतकरी, सगळ्यांच्या दिवसाची सुरुवात त्या भप्पने होते. हिवाळ्यात इथे गरम पाणी ही चैन नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आखडलेल्या बोटांना ते सोडवतं, तान्ह्या लेकराच्या अंगावरचा काटा घालवतं.

आमच्या घरातला गीझर असाच पेटायचा आणि थोड्या वेळाने विझायचा. पाणी कोमट व्हायला लागलं की निळा उजेड नाहीसा. नळ बंद करून पुन्हा उघडला की पुन्हा टक टक, पुन्हा ज्योत, पुन्हा अंधार. आण्णा, म्हणजे माझे वडील, साबण लावलेल्या अंगाने हाक मारायचे, "अरे, गेला बघ परत!"

आण्णांच्या पिढीने बंब पाहिलेला. तांब्याचा, चिंचेने घासून लखलखता केलेला, मधोमध नळी, नळीत गोवऱ्यांचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, कधी कोळसे. बंब परसात किंवा पडवीत असायचा. धूर डोळ्यांना दिसायचा, म्हणून त्याला वाट करून द्यावी लागे. आग माणसाच्या देखत जळायची आणि तिच्यावर नजर ठेवायला घरातलं कोणी ना कोणी जवळ बसलेलं असायचं. गीझरने आग भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीत नेली. तिथे कोणी बसत नाही. मग नजर कोण ठेवतं? मला त्या हिवाळ्यात कळलं की नजर ठेवणारं कोणीतरी त्या पेटीत आहे, आणि आमचा गीझर विझत होता तो त्याच्याच हुकमाने.

पेटीचं झाकण काढलं की आतली व्यवस्था बघत राहावीशी वाटते. नळ उघडला की पाणी आधी एका रबरी पडद्यापाशी येतं. पाण्याला पुरेसा जोर असेल तर पडदा फुगतो, एक बारीक दांडी पुढे ढकलतो आणि छोटा स्विच दाबला जातो. त्या क्षणी दीड-दीड व्होल्टचे दोन जाड सेल कामाला लागतात. ठिणगी उडते, गॅसचा चुंबकी व्हॉल्व्ह उघडतो, बर्नरवर ज्योत धावत जाते. ज्योतीच्या वाटेत एक सळई उभी असते, काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडी मोठी. तिचं काम एकच, ज्योत आहे ना हे पाहणं. आग वीज वाहून नेते हे आपल्याला सहसा ठाऊक नसतं. ज्योतीत विद्युतभारित कण असतात आणि त्यांच्यातून अगदी क्षीण प्रवाह, अँपिअरच्या काही दशलक्षांश भागांइतका, सळईपासून बर्नरकडे जाऊ शकतो. तो प्रवाह आहे तोवर आत निरोप जात राहतो, "ज्योत आहे, गॅस चालू दे." प्रवाह तुटला की निरोप तुटतो आणि व्हॉल्व्ह बंद होतो. जुन्या उपकरणांत हेच काम थर्मोकपल करतं. दोन वेगळ्या धातूंच्या जोडाला आच लागली की अत्यल्प वीज तयार होते, तेवढ्या विजेवर गॅसचा दरवाजा उघडा धरला जातो. आच गेली, दरवाजा लागला. दोन्हींत विचार एकच आहे: ज्योतीने स्वतः "मी आहे" म्हणत राहायचं. ती गप्प झाली तर न जळलेला गॅस खोलीत सोडायचा नाही.

हे समजल्यावर गीझरकडे बघायची माझी रीत बदलली. विझणं ही त्याची खोड असेल असं मी धरून चाललो होतो. आता वाटलं, हा काहीतरी सांगतो आहे; ते काय, हे शोधायला हवं.

शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या क्रमाने पाहाव्यात. आधी सेल. सेल उतरले की ठिणगी पडते, पण व्हॉल्व्ह धरून ठेवायचं बळ उरत नाही. मग पाणी. टाकी जेमतेम गच्चीवर, खालच्या मजल्याला जोर पुरतो, वरच्याला कमी पडतो. शॉवरच्या भोकांत क्षार बसले की प्रवाह आणखी बारीक होतो आणि रबरी पडदा मागे सरतो. आमच्या भागात बोअरचं पाणी जड. गीझरच्या तांब्याच्या नळीत आतून पांढरा थर धरतो, उष्णता पाण्यात जायची ती अडते, भांडं नको तितकं तापतं आणि तापमानाचा रखवालदार आग बंद करतो. बऱ्याच गीझरांना वेळेचाही बांध असतो. सलग वीसेक मिनिटं चालला की तो आपणहून थांबतो, आणि ते बरोबरच आहे.

मग गॅस. थंडीच्या पहाटे सिलिंडरचीही तब्येत बिघडते. घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, म्हणून कडाक्यातही त्याची वाफ होते. ब्युटेन शून्याच्या जेमतेम खाली उकळतो. पारा पाचवर आला की तो वाफ व्हायला कुरकुरतो. त्यातून प्रोपेन आधी संपत जातो आणि तळाला ब्युटेन जास्त उरतो, म्हणून सिलिंडर संपत आला की अडचण वाढते. स्वयंपाकाला हे जाणवत नाही. गीझरला जाणवतं. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचं तर दहा किलोवॉटहून जास्त शक्ती लागते, म्हणजे घरातल्या शेगडीचे तीन-चार बर्नर एकदम पूर्ण आचेवर ठेवल्यासारखं. एवढी वाफ एकदम ओढली की सिलिंडर स्वतःच गार पडतो, त्याच्या अंगावर दव धरतं. हात लावून पाहिलं की जिथपर्यंत द्रव गॅस आहे तिथपर्यंतचा पत्रा बोटांना चटका देण्याइतका थंड लागतो. एक गोष्ट मात्र कोणी करू नये: सिलिंडर गरम पाण्यात ठेवणं किंवा त्याला शेक देणं. तो भिंतीच्या आडोशाला, उभा आणि कोरडा राहावा. संपत आला असेल तर बदलावा.

आमच्याकडे सेल नवे होते, पाण्याला जोर होता, सिलिंडर भरलेला होता. मेकॅनिकला बोलावलं. माणूस हाताचा चपळ. त्याने झाकण उघडलं, दोन वायरींकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "हे सेन्सरचं लफडं आहे. डायरेक्ट करून देतो, परत बंद पडणार नाही."

आण्णा दारात उभे होते. ते म्हणाले, "विमानाची वायर कोणी डायरेक्ट करतं का रे?"

आण्णांची उभी हयात एचएएलच्या विमान कारखान्यात गेली. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि या माळरानाचं नशीब पालटलं. देशभरातून माणसं आली, टाउनशिप वसली, गावाची ओळखच ओझर मिग झाली. विमानाचं अंग इथे घडायचं, इंजिन ओडिशातल्या कोरापुटहून यायचं. मिग-२१, मग मिग-२७, पुढे सुखोई-३०, आता तेजस. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ने हवाई दलाचा निरोप घेतला तेव्हा आण्णा टीव्हीसमोर सरळ ताठ बसले होते. शीट मेटलच्या कामात त्यांच्या हाताखालून जे पत्रे गेले, त्यातला एखादा त्या दिवशी आभाळात असेल का, असं त्यांच्या मनात आलं असणार. ते बोलले काही नाहीत.

त्यांनी आम्हाला लहानपणीच सांगितलं होतं की विमानाच्या कामात सगळ्यात मानाची कृती थांबवण्याची असते. पाळी संपताना अवजारांच्या पेटीतला एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान जागेवरून हलत नाही. मग साहेब घाईत असो की उड्डाणाची तारीख तोंडावर असो. थांबवणाऱ्यावर कोणी आवाज चढवायचा नाही. त्या पान्याने आभाळात काय केलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि ज्योतीबद्दलही त्यांच्याकडे एक गोष्ट होती. जेट इंजिनच्या पोटात ज्योत वाऱ्याच्या तडाख्यात जळत राहते. हवेचं गणित बिघडलं तर ती आभाळात विझू शकते. मिग-२१ ला इंजिन एकच. ती विझली की वैमानिकाच्या हातात मोजके क्षण उरतात आणि त्यात त्याला ती पुन्हा पेटवावी लागते. धावपट्टीवरून विमान उठताना आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, तेव्हा आई नकळत हात जोडायची. आभाळात ज्योत न विझणं म्हणजे जीव वाचणं. मोरीत याच्या उलट. चार भिंतींत, कडी लावलेल्या दाराआड, कधी कधी ज्योत विझण्यानेच जीव वाचतो.

वायर आम्ही डायरेक्ट करू दिली नाही.

त्याच सुमारास माझा भाचा अमेरिकेतून, मिनेसोटातून व्हिडिओ कॉलवर आला तो अंगात दोन स्वेटर घालून. तिकडे बाहेर उणे वीस आणि तळघरातली घर तापवायची गॅसची भट्टी पेटून पेटून बंद पडत होती. त्याने फोन भट्टीच्या दारापाशी नेला. आधी पंखा फिरला, मग तापणारी पट्टी लाल झाली, निळ्या ज्योतींची रांग धावत आली आणि काही सेकंदांत मावळली. ज्योतीच्या टोकाशी तशीच एक सळई उभी होती. आण्णा चष्मा वर करून म्हणाले, "अरे, ही तर आपल्याचकडची!" भाच्याने वीज आणि गॅस बंद करून सळई काढली. तिच्यावर करडा थर बसला होता. अलगद घासून त्याने ती परत लावली आणि भट्टी जळत राहिली. पुढे एकदा ती पुन्हा थांबली तेव्हा कारण वेगळं निघालं. धूर बाहेर सोडणाऱ्या पाइपचं तोंड बर्फाने बुजलं होतं. हवा बाहेर जात नाही हे दाबाच्या स्विचने ओळखलं आणि आग पेटूच दिली नाही. भाचा कुडकुडत फावडं घेऊन बाहेर गेला. घर काही वेळ गार राहिलं आणि घरातली माणसं सुखरूप राहिली.

बुजलेली वाट. भाच्याच्या त्या पाइपने आण्णांना आमची मोरी आठवली. ते उठले, स्टूल घेतलं आणि वरच्या झरोक्यापाशी गेले. थंडी शिरते म्हणून झरोक्याला पुठ्ठा किंवा थर्मोकोल बसवायची आमच्या भागात रीतच आहे. दिवाळी सरली की घरोघरी हे काम होतं. आण्णांनी थर्मोकोल उपसून काढला. त्या दिवशी गीझर निळ्या, ताठ ज्योतीने जळत राहिला. झरोका बंद करून, दार लोटून बाहेरून पाहिलं तर हळूहळू ज्योतीची टोकं पिवळी व्हायला लागली, ती बर्नरवरून उचलल्यासारखी डोलू लागली, सळईपासून सुटली आणि टक असा आवाज होऊन गॅस बंद झाला.

आमच्या लोकांना ज्योतीची ही साक्ष जुन्या काळापासून ठाऊक होती. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं असत. बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या पेवात किंवा जुन्या विहिरीत माणूस एकदम उतरत नसे. आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा, मालवला तर तो वर ओढून घ्यायचे आणि हवा खेळायला वेळ द्यायचे. हवेत प्राणवायू साधारण २१ टक्के असतो. तो १६च्या आसपास आला की ज्योत टिकत नाही. इंग्लंडच्या कोळसाखाणींसाठी हंफ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये जाळीचा दिवा केला, तोही खाणकामगारांना ज्योतीच्या उंचीवरून आणि रंगावरून हवेची खबर द्यायचा. पुढे गेलेली ज्योत मागे राहिलेल्या माणसाला सांगते, इथे येऊ नकोस.

मात्र या साक्षीवर सगळा भार टाकू नये. ज्योत विझण्याच्या आधीच्या पायरीवर धोका उभा असतो. प्रोपेनचा एक भाग पूर्ण जळायला हवेचे चोवीसेक भाग लागतात, ब्युटेनला तीसच्या पुढे. लहानशा मोरीत, दार-झरोका बंद असताना ही हवा बघता बघता सरते. मग जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो, गळती नाकाला कळावी म्हणून. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांत झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पायांतलं बळ जातं आणि कडी काढायचीही ताकद राहत नाही. पाण्याचा आवाज चालू असतो, म्हणून बाहेरच्यांना वाटतं आंघोळ चालली आहे. दर हिवाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अशी एखादी बातमी येते. बहुधा कोणी तरुण मुलगी, कोणी नवं लग्न झालेलं जोडपं. मी ती वाचतो तेव्हा मला त्या घरातला झरोका दिसतो आणि मुठी आपोआप घट्ट होतात. हे मरण टाळता येण्याजोगं आहे. इतकं सहज टाळता येण्याजोगं दुसरं मरण मला माहीत नाही.

आम्ही गीझर मोरीतून काढून मागच्या उघड्या पडवीत लावला. गरम पाण्याची नळी तेवढी आत आली. ज्यांना जागा नाही त्यांनी बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा, हवा मोकळी होऊ द्यावी आणि मग आंघोळीला जावं. झरोका मात्र कधीच बुजवू नये. गार वाऱ्याची एक झुळूक अंगावर आली तर येऊ द्यावी. तिच्याबरोबर जीव आत येतो.

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला ओझरला खंडेरायाची यात्रा भरते. बारागाडे ओढले जातात, भंडारा उधळला जातो, घरी भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो. आमच्याकडे दिवटी पेटते. दिवटी धरणाऱ्याच्या दुसऱ्या हातात तेलाची बुधली असते. ज्योत जरा खाली बसली की तो तेल घालतो, वारा आला की हाताचा आडोसा करतो. दिवटीकडे पाठ करून कोणी उभं राहत नाही. घरात आणलेल्या प्रत्येक आगीशी आपलं नातं असंच असायला हवं. ती यंत्रात गेली म्हणून तिच्यावरची नजर काढून घ्यायची नाही. आपल्याऐवजी तिच्याकडे बघत बसलेली ती बोटभर सळई, तो रबरी पडदा, तो तापमानाचा रखवालदार हे आपलेच जागते डोळे आहेत. त्यांचं म्हणणं गैरसोयीचं असतं, भलत्या वेळी येतं, साबण डोळ्यांत असताना येतं. तरी ते मोडून काढायचं नसतं.

आण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. थंडी सुरू होण्याच्या सुमारास ते टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन गल्लीतल्या घरांत जातात, मी बरोबर असतो. ते झरोके पाहतात, ज्योतीचा रंग पाहतात, पाइपला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहतात. नव्या सुनांना, भाड्याने राहायला आलेल्या पोरांना समजावून सांगतात. कोणी म्हणतं, "काका, मशीन सारखं बंद पडतं, काहीतरी करून ते चालू राहील असं करा." आण्णा त्यांना बसवून घेतात आणि तेच सांगतात, जे मीही आता ओळखी-अनोळखीच्या प्रत्येकाला सांगतो. गीझर वारंवार विझत असेल तर त्याचं तोंड बंद करू नका. आधी दार उघडा, झरोका उघडा, स्वतः बाहेर या, आणि मग तो कशामुळे थांबला ते शोधून काढा.